उसन्या वहाणा

जानेफळसारख्या गावात बँकेच्या काउंटरमागं बसणाऱ्या माणसाला सगळं येतं, अशी लोकांची एक प्रामाणिक समजूत असते. मी साधा बी.कॉम. आहे हे कळल्यावरही ती ढळत नाही. माझ्याकडं लोक औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला येतात, मुलीसाठी आलेल्या स्थळाची पगारपत्रकं तपासून घ्यायला येतात. एक गृहस्थ तर म्हैस आटली म्हणून आले होते. त्यांना मी काय सल्ला दिला ते आता आठवत नाही, पण ते समाधानानं गेले आणि जाताना आवर्त खातं उघडून गेले.

तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनाला यायचं कबूल केलेल्या पाहुण्यांची गाडी ऐन वेळी बिघडली आणि मुख्याध्यापकांनी थेट माझं काउंटर गाठलं, यात नवल नव्हतं.

"साहेब, उद्या पंधरा मिनिटं बोला. विषय 'साहस'."

मी म्हणालो, "सर, पावसाळ्यात इथून मेहकरपर्यंत फटफटीवर जाणं याच्यापलीकडं माझ्या हातून साहस घडलेलं नाही."

"मग त्या ग्रीक वीरांवर बोला. तुमच्या टेबलावर ते जाड पुस्तक असतं ना?"

ते पुस्तक माझं नव्हतं. माझा भाचा सुट्टीत आला होता, तो विसरून गेला होता. लोड शेडिंगमध्ये पंख्यासारखं वापरायला बरं म्हणून मी ते ऑफिसात ठेवलं होतं. आता ते उघडून वाचणं आलं. दोन रात्री जागून वाचलं, आणि खरं सांगतो, पहिल्या रात्री माझी छाती फुगली, दुसऱ्या रात्री कपाळाला आठ्या पडल्या.

मी काही साहित्याचा टीकाकार नव्हे. पण समोर आलेला कागद दिसतो तसा खरा मानायचा नाही, एवढं तेवीस वर्षांत मला बँकेनं शिकवलं आहे. व्हाउचर आलं की आम्ही चार गोष्टी बघतो. पाठवलं कोणी, नेलं कोणी, आलं काय आणि पडलं कुणाच्या खात्यावर. ग्रीक वीरांच्या मोहिमांना मी हाच नियम लावला. त्यातून जे निघालं ते वीरांच्या चाहत्यांना आवडणार नाही. पण ऑडिटर कोणाला आवडतो?

पहिलं प्रकरण हेराक्लिसचं, म्हणजे आपण ज्याला हर्क्युलिस म्हणतो त्याचं. एका जुन्या सायकलवर त्याचं नाव असायचं, म्हणून आपल्याकडं तो बऱ्यापैकी घरोब्यातला. याची बारा कामं जगप्रसिद्ध आहेत. पण अपोलोडोरस नावाच्या ग्रंथकारानं या कथा गोळा करून ठेवल्या आहेत, त्या नीट वाचल्या तर मूळ आदेश दहाच कामांचा होता असं दिसतं. मग बारा झाली कशी? तर साहेबानं दोन कामं नामंजूर केली! नऊ डोक्यांचा साप मारला ते काम बाद, कारण पुतण्याची मदत घेतली. ऑजिअस राजाचा गोठा साफ केला तेही बाद, कारण त्याचा मोबदला ठरवला होता. म्हणजे मदत घेतली तरी शेरा, मजुरी मागितली तरी शेरा. हे वाचलं तेव्हा तीन हजार वर्षांचं अंतर क्षणात मिटलं आणि हेराक्लिस मला आमच्या युनियनचा सभासद वाटू लागला.

त्या गोठ्याचं प्रकरण तर मुळातून समजून घेण्यासारखं आहे. तीन हजार गुरं आणि तीस वर्षं न काढलेलं शेण. आमच्या भागातला कोणीही शहाणा शेतकरी हे ऐकून विचारील, "येवढं शेणखत अन् वावरात टाकलं नाही?" हेराक्लिसनं दोन नद्या वळवल्या आणि सगळं एका दिवसात धुऊन काढलं. बोलीप्रमाणं दहावा हिस्सा गुरं द्यायची वेळ आली तेव्हा राजा म्हणाला, बोली झालीच नव्हती! राजाच्याच मुलानं बापाविरुद्ध साक्ष दिली, म्हणून निदान नोंद तरी राहिली.

आणि हे हुकूम सोडणारा साहेब कोण? युरिस्थिअस राजा. हेराक्लिसनं पहिलाच सिंह मारून आणला तेव्हा हा इतका घाबरला, की त्यानं जमिनीत पितळी रांजण पुरून घेतला आणि पुढं संकट आलं की त्यात बसू लागला. हेराक्लिसला गावाच्या वेशीच्या आत यायची बंदी. पुढचे हुकूम एका हुजऱ्याच्या तोंडी. त्या हुजऱ्याचं नाव कोप्रिअस, आणि ग्रीक भाषेत त्या नावाचं मूळ 'शेण' या शब्दात आहे. रांजणात बसलेला साहेब, शेणोजी नावाचा निरोप्या आणि उन्हात उभा असलेला काम करणारा. ग्रीकांनी सरकारी कचेरीचा शोध लोकशाहीच्याही आधी लावला होता, असं माझं मत झालं आहे.

बरं, एवढं करून आणलं काय? सोन्याची सफरचंदं आणली, ती अथेना देवीनं परत नेऊन ठेवली. पाताळातून तीन तोंडांचं कुत्रं आणलं, ते दाखवून परत पोचतं केलं. क्रीटचा बैल आणला, तो मोकळा सोडून दिला. आमच्या भाषेत याला रिव्हर्सल एंट्री म्हणतात. घाम खरा, वर्षाअखेर शिल्लक शून्य. तरी हेराक्लिसबद्दल मी जास्त बोलणार नाही. वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांचा जीव घेतलेला माणूस तो. ही कामं त्याला मिरवायला नव्हती, प्रायश्चित्त म्हणून होती. त्याचा तोटा त्यानं स्वतःच्या खात्यावर घेतला, ही गोष्ट मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवली.

पुढच्या मंडळींचं तसं नाही.

या पुढच्या मंडळींकडं वळताना मला एक गंमत दिसली. ग्रीक वीराची गोष्ट बहुधा पायापासून सुरू होते. जेसन नदी ओलांडताना एक वहाण गमावतो आणि एका पायात वहाण असलेल्या माणसापासून जपायला राजाला आधीच आकाशवाणीनं सांगितलेलं असतं. थीसिअसच्या बापानं एका मोठ्या दगडाखाली तलवार आणि वहाणा ठेवलेल्या असतात. मुलगा दगड उचलण्याइतका झाला की वहाणा घालून बापाच्या शोधात निघतो. पर्सिअसला पंखांच्या वहाणा मिळतात, त्याही उसन्या. वहाणेचं हे महत्त्व ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर जेसन. गादी मागायला आला, तेव्हा त्याचा चुलता पेलिअस गोड आवाजात म्हणाला, "समज, अमक्याच्या हातून तुझा घात होणार असं भविष्य तुला कळलं, तर तू त्याचं काय करशील?" जेसन म्हणाला, "सोन्याच्या लोकरीचं कातडं आणायला पाठवीन." चुलता म्हणाला, "मग जा, आण." स्वतःच्या बदलीचा हुकूम स्वतःच तोंडी सांगणारा हा पहिला इसम असावा. पन्नासेक वीर, आर्गो नावाचं जहाज, काळ्या समुद्रापलीकडचा कोल्किस देश, म्हणजे आताच्या जॉर्जियाकडचा मुलूख. तिकडच्या नद्यांत लोक मेंढीची कातडी अंथरून वाळूतले सोन्याचे कण धरतात, असं स्ट्रेबो या जुन्या भूगोलकारानं लिहून ठेवलंय. म्हणजे ते कातडं अगदीच थाप नसावं. कुणाच्या तरी पोटापाण्याचं साधन असावं.

कोल्किसच्या राजानं अटी घातल्या. आग ओकणारे बैल जुंपायचे, नांगरायचं, राक्षसी सापाचे दात पेरायचे, त्यातून उगवलेल्या शिपायांशी लढायचं आणि शेवटी न झोपणाऱ्या नागाला चुकवून कातडं काढायचं. जेसननं हे सगळं केलं, असं पुस्तक म्हणतं. व्हाउचर उलटून बघितलं तर मागच्या बाजूला वेगळीच सही. बैलांची आग लागू नये म्हणून मलम दिलं राजकन्या मेडीआनं. शिपायांना आपसांत लढवायची युक्ती सांगितली मेडीआनं. नागाला झोपवलं मेडीआनं. जेसननं काय केलं? कातडं काखेत मारलं. त्याच्यासाठी तिनं बाप सोडला, देश सोडला, भावाचा जीव गेला तो तिच्याच हातून. आणि पुढं कॉरिंथला स्थिरस्थावर झाल्यावर जेसननं तिथल्या राजाच्या मुलीशी सोयरीक जुळवली. त्यानंतर मेडीआनं जे केलं ते भयंकर आहे. युरिपिडीसनं ख्रिस्तपूर्व 431 मध्ये त्यावर नाटक लिहिलं. त्यातली मेडीआ सूड घ्यायला पोटच्या पोरांनाही सोडत नाही. तिला मी निर्दोष म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की कर्ज बुडवणाऱ्याचं नाव इतिहासात 'वीर' म्हणून आणि जामीनदाराचं 'चेटकीण' म्हणून नोंदलं गेलं. जेसनचा शेवट काय झाला? जुन्या आर्गोच्या सावलीत बसला असता तिचं कुजकं लाकूड अंगावर पडून मेला. वसुली उशिरा झाली, पण झाली.

शाळेत मी एवढं खोलात गेलो नाही. तिथं मी थीसिअसची गोष्ट निवडली. आटोपशीर आहे, पोरांना आवडते. क्रीटचा राजा मिनोस, त्याचं भुलभुलय्यासारखं बांधकाम, त्यात अर्धा माणूस अर्धा बैल असा मिनोटॉर, त्याला अथेन्सहून पाठवलेली सात मुलं आणि सात मुली. राजाची मुलगी अरिआड्नी थीसिअसला दोऱ्याचा गुंडा देते. तो एक टोक दाराला बांधतो, आत जातो, राक्षसाला मारतो, दोरा धरून बाहेर येतो. मी आवाज चढवून म्हणालो, "मुलांनो, याला म्हणतात साहस!" टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. मी बसणार, तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक हात वर आला. सातवीतली असेल.

"सर, मंग त्या दोरा देणाऱ्या पोरीचं काय झालं?"

पुस्तक वाचलं नसतं तर बरं झालं असतं. थीसिअस तिला जहाजात घालून निघाला आणि वाटेत नॅक्सोस बेटावर झोपलेली सोडून गेला. पुढं डायोनिसस देवानं तिच्याशी लग्न केलं असं सांगतात. मी घाईनं तेवढंच सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे ज्यानं नेली त्यानं नाही पाह्यलं, दुसऱ्यानं पाह्यलं."

आणि खाली बसली. टाळ्या वगैरे काही नाहीत. माझी पंधरा मिनिटांची समीक्षा तिनं एका वाक्यात उरकली होती.

घरी आलो आणि डोक्यात तो दोरा अडकून बसला. आता तुम्ही म्हणाल, ग्रीक लोक तसेच. पण आमच्याकडं काय आहे? जानेफळ मेहकर तालुक्यात, आणि मेहकरच्या पलीकडं लोणार. खड्डा जगप्रसिद्ध. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो पाहिला. उल्का आदळून झाला हे शास्त्रज्ञांनी नंतर ठरवलं. रुंदी पावणेदोन किलोमीटरच्या वर. वयाबद्दल मात्र एका पद्धतीचा आकडा पन्नासेक हजार वर्षं आणि दुसऱ्या पद्धतीचा साडेपाच लाखांच्या पुढं. एवढ्या फरकाची कॅश आमच्याकडं निघाली असती तर रात्री बारापर्यंत कोणी घरी गेलं नसतं. 2020 च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशानं फोटो पाहिले. त्याच वर्षी रामसर यादीतही नाव लागलं.

पण आम्हा लोकांच्या लेखी तो खड्डा लवणासुराचा. लवणासुर जमिनीखाली लपून राहायचा, वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं, दैत्यसूदनाचं, रूप घेतलं. आणि राक्षस सापडला कसा? त्याच्या बहिणींना त्या तरुणानं मोहात पाडलं आणि त्यांनी भावाच्या बिळाची जागा सांगितली! मग पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि राक्षस मारला. दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव मंदिर लोणारला आहे. लहानपणापासून मी कैक वेळा तिथं गेलो, हात जोडले, नारळ फोडला. त्या बहिणींचं पुढं काय झालं हे मी कधी कोणाला विचारलं नाही. मिनोटॉर अरिआड्नीचा सावत्र का होईना भाऊच होता. मेडीआचाही भाऊ गेला. कुठं क्रीट, कुठं कोल्किस आणि कुठं लोणार! पण राक्षसाच्या घराची किल्ली घरातल्या मुलीकडूनच मिळते, आणि काम झाल्यावर ती मुलगी गोष्टीतून गळते, हा हिशेब तिन्हीकडं तंतोतंत टॅली होतो.

कचाचं तर विचारूच नका. संजीवनी विद्या आणायला शुक्राचार्यांकडं गेला. दैत्यांनी तीनदा मारला, तीनदा देवयानीनं बापाकडं हट्ट धरून जिवंत करवला. विद्या मिळाल्यावर तो तिला म्हणतो, तू तर माझी बहीण लागतेस! खाडिलकरांनी 1913 साली यावर नाटक लिहिलं, त्याचं नाव 'विद्याहरण'. नाटककारानं नावातच व्यवहार सांगून टाकलाय. विद्याग्रहण नव्हे, हरण.

ओडिसिअसला तरी सोडावं म्हटलं, तर तो ट्रॉयहून निघाला बारा जहाजं घेऊन आणि दहा वर्षांनी घरी पोचला एकटा. आरंभीची शिल्लक बारा, अखेरची शून्य, आणि महाकाव्य त्याच्या नावावर. घरी पेनेलोपीनं दिवसा विणून रात्री उसवत तीन वर्षं मागणीवाल्यांना थोपवलं. माझ्या मते त्या घरातलं अवघड काम तेच. समुद्रावर वाऱ्याची तरी मदत होते.

असं सगळ्यांना नापास करत मी शेवटच्या प्रकरणाशी आलो. पर्सिअस. याला पॉलिडेक्टिस राजानं मेड्यूसाचं डोकं आणायला पाठवलं, कारण राजाचा डोळा याच्या आईवर होता. पर्सिअसकडं स्वतःचं काहीही नाही. वहाणा अप्सरांच्या, अदृश्य करणारी टोपी त्यांच्याकडूनच, पिशवीही त्यांचीच, कोयता हर्मिस देवाचा. वाट विचारायला ज्या तीन म्हाताऱ्यांकडं गेला, त्या तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात. तो त्यानं हिसकावून घेतला हे वाईटच, पण वाट कळताच परत दिला. मेड्यूसाला मारलं. वाटेत अँड्रोमेडाला सोडवलं, तिच्याशी लग्न केलं आणि कुठल्याही बेटावर न विसरता तिला घरी आणलं. आईची सुटका केली. आणि मग अपोलोडोरस एक लहानसं वाक्य लिहितो, ज्यावर माझ्यासारखा माणूस थबकतो. पर्सिअसनं वहाणा, पिशवी आणि टोपी हर्मिसकडं दिली आणि हर्मिसनं ती अप्सरांना नेऊन पोचवली.

सगळ्या ग्रीक पुराणात मुद्दल परत करणारा हा एवढा एक ऋणको मला भेटला. माझ्या मते राक्षस मारणं हे वीराचं काम खरं, पण ते बहुतेकांना कोणी ना कोणी करून देतं. काम झाल्यावर उसनी वस्तू आठवणीनं परत करणं, हे मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं. मोहिमेची समीक्षा आणलेल्या वस्तूवरून करू नये, परत केलेल्या वस्तूवरून करावी. हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते डायरीत लिहून घेतलं.

लिहून पेनचं टोपण लावलं आणि मला भाऊजींचे बूट आठवले.

तेवीस वर्षांमागं मला बँकेच्या मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा माझ्या पायात रबरी चपला होत्या. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. ती सासरहून भाऊजींचे लग्नातले काळे बूट पिशवीत घालून घेऊन आली. वर गाडीभाड्याचे पैसे. बूट मला एक नंबर मोठे. ताईनं पुढं कापूस कोंबून दिला, भाऊजींच्याच वावरातला. ते बूट घालून मी नागपूरला गेलो, आत गेलो, तीन साहेबांसमोर बसलो आणि बाहेर आलो. नोकरी लागली. त्याच बुटांवर मी ट्रेनिंग केलं, पहिली पोस्टिंग केली, आणि तळ गेल्यावर ते कुठं टाकले तेही मला आठवत नाही. माझ्या मोहिमेची कथा मी आजवर शंभरदा सांगितली असेल. तीन साहेबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं अगदी रंगवून. बुटांचा उल्लेख त्यात कधी आला नाही.

मी ताईला फोन लावला.

"ताई, भाऊजींचे ते काळे बूट आठवतात का?"

"कोणते? तू मुलाखतीले नेले होते थे?"

"हो. परत द्यायचे राहिले."

ताई हसायला लागली. "बाई माय! आता आठवलं व्हय तुले? अरे, त्यायच्या भावाच्या लग्नात हे चपला घालूनच गेले होते. मी म्हनलं, भाऊले मांगू का बूट? तर म्हने, राहू दे, त्याची नवी नोकरी हाये, त्याले लागतीन."

मला काही सुचेना. मी म्हणालो, "नवे घेऊन देतो. नंबर किती त्यांचा?"

"नंबर तुलेच ठाऊक. घातले तूच होते."

"काळेच आणू का?"

"आता काळे बूट कायले? कोनाच्या लग्नात मिरवायचे हायेत? पानी पडून राह्यला, वावरात चिखल हाये. गमबूट आन."

रविवारी मेहकरला जाऊन गमबूट घेतले. आठवणीनं एक नंबर मोठे घेतले. भाऊजींनी अंगणात घालून चार पावलं टाकली, म्हणाले, "बरोबर हायेत." नंतर पाहिलं तर ते ओसरीवर बसून बुटाच्या टोकात कापूस कोंबत होते. बूट त्यांना सैल होत होते. वयानं पाय वाळले असावेत, किंवा माझ्याच मनात त्यांचे पाय इतकी वर्षं मोठे राहिले असावेत.

मी बदलून आणतो म्हणालो. ते म्हणाले, "कायले चक्कर मारता? कापूस घरचाच हाये."

भाच्याचं पुस्तकही त्या दिवशी परत नेऊन दिलं. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी पुन्हा बोलवलं आहे. त्या मुलीला यावेळी मीच आधी हात वर करायला सांगणार आहे.